प्रागैतिहासिक जीवांचा ज्ञानकोश हौशी लोकांच्या हाती द्यावा का?

खडकवाचक
सरळ मुद्द्यावर येतो. डायनासोर, ट्रायलोबाइट (समुद्रातले कवचवाले जुने जीव), मॅमथ, पहिले मासे, जमिनीवरची पहिली झाडं, म्हणजे माणूस लिहायला लागायच्या आधी जे जे जगून गेलं त्या सगळ्याचा एक ऑनलाइन ज्ञानकोश हौशी व्हॉलंटिअर्सनी मिळून उभा करावा आणि तो कुणालाही एडिट करता यावा असं माझं ठाम मत आहे.

यावर ठरलेला आक्षेप म्हणजे हे काम तज्ज्ञांचं. पण सगळं तज्ज्ञांवर सोडलं की काय होतं ते एकदा पाहून झालंय. विकिपीडियाच्या आधी २००० साली न्यूपीडिया सुरू झाला होता, तिथे प्रत्येक लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून जायचा, आणि २००३ मध्ये बंद पडेपर्यंत पूर्ण झालेले लेख होते दोन डझनांच्या आसपास. तज्ज्ञांना दोष देत नाहीये, त्यांना शिकवायचं असतं, पेपर लिहायचे असतात, ज्ञानकोशात लिहून त्यांच्या नोकरीत काही भर पडत नाही. मग वेळ कोण देणार? ज्याला आवड आहे तोच ना?

आणि या विषयात हौशी लोक काही आज आलेले नाहीत. १८२३ मध्ये प्लेसिओसॉर या समुद्रातल्या सरपटणाऱ्या प्राण्याचा जवळपास अख्खा सांगाडा काढणारी मेरी अ‍ॅनिंग सुतारकाम करणाऱ्याची मुलगी होती, १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या सरे इथल्या मातीच्या खाणीत बॅरिओनिक्स या डायनासोरची भलीमोठी नखी सापडली ती विल्यम वॉकर नावाच्या प्लंबरला. २००९ च्या ओपन डायनासोर प्रोजेक्टमध्ये तर संशोधकांनी स्वतःच सामान्य लोकांना हाक दिली की छापून आलेल्या पेपरमधून पायांच्या हाडांची मापं काढून आमच्या स्प्रेडशीटमध्ये भरा, आणि लोकांनी भरली.

थरावर थर
अजिबात पटलं नाही. सापडणं वेगळं आणि समजणं वेगळं, तुम्ही दोन्हीची सरमिसळ करताय. वॉकरने नखी शोधली आणि ती लंडनच्या म्युझियममध्ये पोचली, पण ते जनावर कोण हे १९८६ मध्ये चॅरिग आणि मिल्नर यांनी लिहिलं. ओपन डायनासोर प्रोजेक्टमध्ये मापं भरली लोकांनी, पण कुठलं माप घ्यायचं हे संशोधकांनी ठरवून दिलं होतं. ज्ञानकोशात ते कोण ठरवणार?

एकच उदाहरण देतो. १८७८ मध्ये अमेरिकी संशोधक कोप यांनी एका तुटक्या मणक्यावरून अँफिसीलिअस फ्रॅजिलिमस नावाचा डायनासोर जाहीर केला. तो मणका पुढे हरवला, आज कुणाकडेच नाही, मागे राहिलं एक चित्र आणि काही मापं. तेवढ्यावरून लांबीचा अंदाज निघाला ५८ मीटर, आणि हा आकडा ‘जगातला सगळ्यात मोठा डायनासोर’ म्हणून जिकडेतिकडे फिरला. मग २०१८ मध्ये कार्पेंटर यांनी त्याला वेगळ्याच कुळात टाकलं, मारापुनिसॉरस असं नवीन नाव दिलं आणि लांबी आली एकदम ३० मीटरच्या आसपास, आणि लक्षात घ्या, २००६ मध्ये ५८ मीटरचा अंदाज मांडणारेही कार्पेंटरच. आता सांगा, आपला डायनासोर सगळ्यात मोठा ठरावा म्हणून रात्र जागवणारा फॅन यातला कुठला आकडा ठेवेल? तो ५८ च ठेवेल, सोर्ससुद्धा देईल, २००६ चा, आणि सोर्स अगदी खरा असेल. इथेच घोडं पेंड खातं.

खडकवाचक
उदाहरण जबरदस्त आहे पण ते माझ्याच बाजूचं आहे. पानाची रचनाच अशी ठेवायची की सगळ्यात वर ‘काय सापडलंय’ हा रकाना, म्हणजे कुठली हाडं, किती, ज्या नमुन्यावरून नाव दिलं तो होलोटाइप आज कुठे आहे. अँफिसीलिअसच्या पानावर पहिलीच ओळ येईल की एक तुटका मणका, तोही हरवलेला. त्याखाली ५८ लिहा, ३० लिहा, कुणी कुठल्या साली कशावरून काढले ते लिहा, वाचणारा फसणार नाही. लांबीचा नुसता आकडा, मागे हाड नाही, असं वाक्य कुठेच ठेवायचं नाही. हा नियम पाळायला डॉक्टरेट लागत नाही, चिकाटी लागते.

आणि चुका तज्ज्ञांच्याही होतातच की. हॅलुसिजेनिया बघा. १९७७ मध्ये कॉनवे मॉरिस यांनी हा कॅनडातल्या बर्जेस शेल या खडकातला काटेरी जीव मांडला तेव्हा काट्यांना पाय समजून तो उलटा उभा केला. १९९१ मध्ये रॅम्सकोल्ड आणि हौ यांनी सुलटा केला. तरी एका टोकाला दिसणारा डाग म्हणजे डोकं असंच बरेच जण धरून चालले होते, आणि २०१५ मध्ये स्मिथ आणि कॅरन यांनी दाखवलं की तो शरीरातून बाहेर आलेल्या द्रवाचा डाग आहे, डोकं दुसऱ्या टोकाला आहे, दोन साधे डोळे आणि तोंडाभोवती दातांचं कडं. यात कुणाची लाज काढायची नाहीये, विज्ञान असंच पुढे जातं. पण छापील पुस्तकात तो उलटा जीव वर्षानुवर्षं तसाच उभा राहतो आणि एडिट करता येणाऱ्या पानावर पेपर आल्याच्या दिवशी सुलटा होतो, हा फरक मला फार मोठा वाटतो.

चित्रकार_जुरासिक
तुम्ही दोघं मजकुरावरच भांडताय, पण लोक आधी चित्र बघतात आणि बरेचदा तेवढंच बघतात. व्हेलोसिरॅप्टरच्या पुढच्या पायाच्या हाडावर पिसांच्या बुडांच्या गाठी २००७ मध्येच दाखवल्या गेल्या, तरी आजही जिथे बघाल तिथे खवल्यांचं बिनपिसांचं जनावर. लेखात ‘पिसं होती’ आणि शेजारी सरड्यासारखं चित्र असेल तर डोक्यात चित्रच राहतं, मजकूर गेला वाऱ्यावर. आता तर एआयने काढलेली चित्रं येतात, लांबून छान, जवळून बघितलं तर हाताला बोटं किती याचाच पत्ता नाही आणि तळवे जमिनीकडे वळलेले, तसे थेरोपॉडचे, म्हणजे व्हेलोसिरॅप्टर, टी-रेक्स यांच्या गटातल्या दोन पायांवर चालणाऱ्या डायनासोरचे, वळतच नव्हते. इंग्रजी विकिपीडियावर डायनासोरची चित्रं लेखात जायच्या आधी तपासायची वेगळी जागा आहे, तिथे हौशी लोकच सांगाड्याच्या आकृतीशी ताडून बघतात की मान जास्त लांब झाली, बोट जास्त आलं. माझं म्हणणं, मजकूर मोकळा ठेवा पण चित्र तपासल्याशिवाय अजिबात लावू नका.

शिंपलेवाली
मला वेगळीच काळजी आहे. टी-रेक्सच्या पानावर शंभर जण तुटून पडतील आणि ब्रॅकिओपॉडच्या, म्हणजे शिंपल्यातल्या साध्या समुद्री जीवाच्या, पानाकडे कुणी फिरकणार नाही. कोनोडोंट घ्या, १८५६ मध्ये पँडर यांनी हे दातांसारखे बारीक तुकडे मांडले, त्यांच्यावरून जगभर खडकांचं वय ठरवलं जातं, पण ते कुठल्या प्राण्याचे हेच कळत नव्हतं, शेवटी १९८३ मध्ये स्कॉटलंडच्या एका जुन्या संग्रहातल्या दगडात ईलसारखं अंग दिसलं आणि सव्वाशे वर्षांचं कोडं सुटायला लागलं. इतकी भारी गोष्ट, पण जबडा मोठा नाही म्हणून कुणी लिहीत नाही. आवडीवर चाललेला ज्ञानकोश आवडीइतकाच वाकडा होतो. यावर उपाय काढा, बाकी मी तुमच्या बाजूने.

थरावर थर
शिंपलेवालींचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. आणि एक गोष्ट कुणीच काढली नाही, जागेची. हौशी माणूस उत्साहाने फॉसिल सापडलेल्या ठिकाणाचे जीपीएस आकडे टाकतो आणि मग तिथे छिन्नी-हातोडा घेऊन विकणारे पोचतात. थरातून उपटलेलं हाड म्हणजे अर्धी माहिती गेली, ते कुठल्या थरात होतं, शेजारी काय होतं, सगळं गेलं. म्हणून बरेच संशोधक पेपरमध्येही नेमकी जागा छापत नाहीत, विश्वासाच्या माणसाने मागितली तर म्युझियम देतं. मोकळ्या एडिटिंगमध्ये हे कसं सांभाळणार? पानावरून आकडे पुसले तरी जुनी आवृत्ती हिस्ट्रीत दिसतेच.

माझा विरोध कायम आहे. निदान वर्गीकरण आणि मापं हे दोन रकाने तरी जाणकाराने बघितल्याशिवाय दिसूच नयेत.

खडकवाचक
जागेचं शंभर टक्के मान्य. पानावर फक्त खडकाच्या थराचं नाव आणि प्रदेश, नेमके आकडे टाकले तर ती आवृत्ती हिस्ट्रीतूनही लपवायची, हा नियम पहिल्या दिवसापासून. चित्रांचंही मान्य. आवडीच्या वाकडेपणावर मला एवढंच सुचतं की नवीन माणसाला डायनासोरच्या पानांवर मोठे बदल करायच्या आधी अजून न लिहिलेल्या पानांच्या यादीतलं एक पान पूर्ण करायला लावायचं.

पण आधी परवानगी मग प्रकाशन, हे मी मान्य करणार नाही, न्यूपीडिया तिथेच अडकला. वर्गीकरण आणि मापं लगेच दिसू देत, फक्त जाणकाराने बघेपर्यंत शेजारी ‘तपासलेलं नाही’ असं ठळक लिहिलेलं राहील आणि सोर्स नसेल तर कुणीही ते काढून टाकू शकेल. थरावर थर, तुम्हाला एवढं कळतं तर ते ‘तपासलेलं नाही’ काढायच्या कामाला तुम्हीच या, हे मनापासून म्हणतोय.

थरावर थर
मापांना येईन. वर्गीकरणाबद्दल माझं मत बदललेलं नाही.