जाम झालेलं डिझेल इंजिन सोडवायला घरचं तेल : ॲसिटोनचं करू की डिझेलचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या विहिरीवरचं जुनं किर्लोस्कर एव्ही-१ (५ एचपी, १५०० आरपीएम) परत चालू करायचंय. विजेची मोटर बसल्यापासून ते शेडमध्ये पडून आहे. पण शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दारं धरायचा कंटाळा आलाय. शिवाय वडिलांनी हौसेनं घेतलेलं इंजिन, भंगारात घालवायला जीव होत नाही.

सायलेन्सरचं तोंड उघडं होतं, तिथूनच पावसाचं पाणी आत गेलं असणार. डिकॉम्प्रेशन लिव्हर (हँडल हलकं फिरावं म्हणून सिलिंडरातला दाब सोडणारा दांडा) उचलून हँडल मारलं तरी फ्लायव्हील तसूभर हलत नाही. हेड उतरवलं. पिस्टन मध्यावर अडकलाय आणि त्याच्या वर लायनरला (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीला) गंजाचा तपकिरी पट्टा धरलाय. बोटाला खरखरीत लागतो, खड्डे मात्र दिसत नाहीत. खालच्या ऑइलच्या चेंबरचा प्लग खोलला तर आधी पाणी आलं, मग काळं ऑइल.

गावातले मिस्त्री म्हणतात, डिझेल भरून ठेवा आणि लाकडी ठोकळा ठेवून घण घाला. घणाची घाई मला नको वाटते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, फुटला किंवा त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकला तर खर्च दुप्पट.

जाम सोडवायला घरी मिसळून करायच्या तेलाची सगळ्यांत जास्त सांगितली जाणारी कृती म्हणजे ॲसिटोन आणि एटीएफ (पॉवर स्टिअरिंगला घालतात ते लाल तेल) निम्मं निम्मं. ॲसिटोन पाण्याहून पातळ, म्हणून बारीक फटीत शिरतं आणि मागे तेल सोडतं. पण दोन्ही नीट एकजीव होत नाहीत, दर वेळी बाटली हलवावी लागते. नट-स्टडला हे मिश्रण बरोबर वाटतं. सिलिंडरचं मात्र पटत नाही. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं आणि साध्या हवेतही भराभर उडतं. वरून उघड्या सिलिंडरमध्ये ते टिकणार किती? तिथे डिझेल आणि एटीएफ भरून, वर झाकण ठेवून आठवडाभर मुरू द्यावं असं माझं मत आहे. सायलेन्सरचे नट गॅसने तापवायचे आहेत, पण ॲसिटोनची वाफ झटकन पेट घेते, म्हणून तिथे ते लावणारच नाही. तापवून मग नुसतं तेल सोडेन.

ज्यांनी स्वतःच्या हातानं असं इंजिन सोडवलंय त्यांनी कृपया सांगावं :

डिझेल-एटीएफचं प्रमाण काय धरलं? तेल मुरल्यावर फ्लायव्हीलला पहार लावून मागे-पुढे हलकं हलवत राहावं, की खालचं झाकण काढून, रॉड सोडवून पिस्टन वर ठोकावा? वर ठोकायचा तर गंजाचा पट्टा आधी किती नंबरच्या पॉलिश पेपरनं घासावा?

आणि लायनरच्या खालच्या टोकाला पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा असतात. झिरपलेलं तेल त्यांना लागून त्या फुगतात का? लायनर न काढता काम होणार असेल तर त्या बदलायची माझी तयारी नाही.