मदत हवी आहे: वळिवडे छावणीतील पोलिश आडनावांचे अर्थ आणि रूपे

नमस्कार. माझे पणजोबा कोल्हापुरात शिलाईचे काम करीत असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. आज जेथे गांधीनगर आहे, तोच तो परिसर. त्या छावणीतील काही स्त्रिया पणजोबांकडे स्वतःचे आणि मुलांचे कपडे शिवायला टाकत असत, आणि पणजोबा त्यांची मापे एका जाड वहीत लिहून ठेवत. घर आवरताना ती वही माझ्या हाती लागली. पणजोबांना इंग्रजी येत नव्हते, पोलिश येण्याचा तर प्रश्नच नव्हता. त्यामुळे गिऱ्हाइकाने तोंडाने सांगितलेले नाव कानाला जसे ऐकू आले तसे त्यांनी बाळबोध लिपीत उतरवलेले आहे.

मी या नोंदींची कुटुंबवार सूची करीत आहे, जेणेकरून त्या निर्वासितांच्या वंशजांपैकी कोणी चौकशी केली तर तिचा उपयोग व्हावा. मात्र काम पुष्कळ ठिकाणी अडले आहे. ‘कोवालस्का’ या नावाच्या तीन नोंदी आहेत आणि ‘कोवालस्की’ या नावाची एक. ही दोन आडनावे मानायची की एकच? एके ठिकाणी ‘रोजिना कोवालस्कीख’ असे आहे. रोजिना हे मी त्या बाईंचे नाव समजलो, पण शेवटचा ‘ख’ कशाचा हे कळत नाही. ‘नोवाकोवा’ आणि ‘नोवाकुवना’ या नोंदी एकाखाली एक आहेत. ‘झायोंच’, ‘वोश’, ‘क्रावचिक’, ‘कापुस्ता’, ‘वुइचिक’ आणि ‘इवान्युक’ हीही आडनावे आहेत. माझ्याजवळ रोमन लिपीत टंकलिखित केलेल्या एका जुन्या यादीची छायाप्रत आहे, तिच्यात डब्ल्यू या अक्षराखाली मी ‘वोश’ पुन्हा पुन्हा शोधले, पण ते सापडले नाही.

आणखी एक शंका. ‘स्की’ने संपणारी आडनावे पोलंडमधील उमरावांची असतात, असे मी ऐकले होते. तसे असल्यास या कुटुंबांपुढे ‘सरदार घराणे’ अशी टीप द्यावी काय? पोलिश भाषेच्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या पणजोबांचा कान फार चांगला होता, हे प्रथम नोंदवतो. इंग्रजी वळणाने वाचलेल्या रोमन यादीपेक्षा ही वही पुष्कळ ठिकाणी मूळ उच्चाराच्या अधिक जवळ आहे.

‘कोवाल्स्की’ आणि ‘कोवाल्स्का’ हे एकच आडनाव आहे. ‘स्की’ हा प्रत्यय विशेषणाचा असल्यामुळे तो लिंगाप्रमाणे बदलतो: पुरुष कोवाल्स्की, स्त्री कोवाल्स्का, आणि सगळे मिळून कोवाल्स्त्सी. शास्त्रज्ञ मारी क्युरी यांचे माहेरचे आडनाव स्क्वोदोव्स्का होते, पण त्यांचे वडील स्क्वोदोव्स्की होते, हे उदाहरण लक्षात ठेवल्यास गोंधळ होणार नाही. छावणीत स्त्रिया आणि मुलेच जास्त होती, कारण बरेचसे पुरुष सैन्यात होते. म्हणून आपल्या वहीत ‘स्का’ची रूपे अधिक दिसणे स्वाभाविक आहे. ‘कोवालस्की’च्या एकुलत्या नोंदीत बहुधा एखाद्या मुलाच्या कपड्यांची मापे असतील. ‘रोजिना’ हे मात्र कोणाचेही नाव नव्हे. पोलिश भाषेत कुटुंबाला ‘रोजिना’ म्हणतात, आणि ‘कोवाल्स्कीख’ हे षष्ठीचे अनेकवचन आहे, म्हणजे ‘कोवाल्स्की मंडळींचे कुटुंब’. त्या बाईंनी कपडे कोणाचे ते सांगितले आणि पणजोबांनी ते त्यांचे नाव म्हणून लिहून घेतले, असे दिसते.

नोवाक हे आजही पोलंडमधील सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आहे. त्याचा अर्थ ‘नवा आलेला’, म्हणजे गावात बाहेरून येऊन राहिलेला माणूस. हे आडनाव नाम असल्यामुळे त्याला ‘स्का’सारखे रूप होत नाही, परंतु त्या काळी स्त्रियांसाठी वेगळे प्रत्यय सर्रास वापरले जात: पत्नी ती नोवाकोवा, अविवाहित मुलगी ती नोवाकुव्ना. आपल्याकडे पाटलाच्या बायकोला पाटलीण म्हणतात, तशातलाच हा प्रकार, फक्त लेकीसाठीही निराळा प्रत्यय आहे. आडनाव स्वरान्त असेल तर प्रत्यय बदलतात. झारेंबाची पत्नी झारेंबिना आणि मुलगी झारेंब्यांका. आता ही पद्धत बरीच मागे पडली आहे. सूची करताना मात्र अशी रूपे मूळ आडनावाखालीच लावावीत, नाहीतर एका घरातील आई आणि मुलगी दोन कुटुंबांत विभागल्या जातील.

‘झायोंच’मधील च आपण ‘चहा’तल्यासारखा वाचत असाल तर तो ‘चाक’मधल्यासारखा वाचून पाहावा. पोलिश लिपीतील सी या अक्षराचा उच्चार आपल्या दंत्य चसारखा होतो, आणि मराठी माणसाला तो आपोआप साधतो. इंग्रज कारकुनांना तो साधत नसे. झायोंच म्हणजे ससा. प्राण्यांवरून पडलेली आडनावे तेथे विपुल आहेत: विल्क म्हणजे लांडगा, व्रुबेल म्हणजे चिमणी, बारान म्हणजे मेंढा, आणि लिस म्हणजे खोकड. लांडगे आणि कोल्हे ही आडनावे ज्यांच्या शेजारी राहतात त्यांना यात नवल वाटू नये. कापुस्ता म्हणजे चक्क कोबी.

‘वोश’ यादीत न सापडण्याचे कारण लिपीत आहे. पोलिश भाषेत एल या अक्षरावर तिरपी रेघ असली की त्याचा उच्चार इंग्रजी डब्ल्यूसारखा, म्हणजे ओठ न दाबता केलेल्या वसारखा होतो. म्हणून पोलंडच्या ज्या कामगार नेत्यांना आपण वर्तमानपत्रांत लेक वालेसा म्हणून वाचत आलो, त्यांचे आडनाव वास्तविक ‘वावेंसा’ असे उच्चारले जाते. इंग्रजी टंकलेखन यंत्रावर अशी रेघ नव्हती, आणि त्यापुढे येणाऱ्या श या उच्चारासाठी एसवर द्यावयाची तिरपी खूणही नव्हती. परिणामी वोश हे आडनाव एल, ओ, एस असे लिहिले गेले असणार. यादीत एलखाली पाहावे. रेघ आणि खूण असताना अर्थ होतो एल्क नावाचे मोठे सांबरासारखे जनावर, आणि दोन्ही गाळल्यास त्याच अक्षरांचा अर्थ होतो दैव.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद उत्तम आहे; मी केवळ ‘सरदार घराणे’ या टीपेविषयी लिहितो. ती टीप कृपया देऊ नये.

‘स्की’ची सुरुवात उमरावांच्या आडनावांपासून झाली, हे खरे आहे. तार्नुव या गावाचा मालक तो तार्नोव्स्की, जवळजवळ आपल्या ‘कर’सारखेच. परंतु या प्रत्ययाला प्रतिष्ठा आल्यावर शहरी व्यापारी, कारागीर आणि पुढे शेतकरीही तो लावू लागले. कोवाल म्हणजे लोहार. कोवाल्स्की हे आडनाव कोवाल किंवा कोवाले अशा गावावरून येऊ शकते, आणि लोहाराच्या मुलाने ‘स्की’ जोडून घेतल्यानेही येऊ शकते. आडनाव पाहून यांपैकी काय घडले ते सांगता येत नाही. उमराव कुळांची खरी ओळख आडनावापेक्षा कुलचिन्हाने होत असे, आणि यास्त्शेंब्येत्स किंवा नावेंच यांसारखे एकच कुलचिन्ह निरनिराळ्या आडनावांची कितीतरी घराणी वापरत असत. उलट बाजूने पाहिल्यास, ‘स्की’ नसलेली उमराव घराणीही होती.

सामान्य शेतकऱ्यांची आडनावे तर पुष्कळ उशिरा कायम झाली. १७७२, १७९३ आणि १७९५ या तीन फाळण्यांनंतर पोलंड ऑस्ट्रिया, प्रशिया आणि रशिया यांच्यात वाटला गेला, आणि कर व सैन्यभरती यांसाठी राज्यकर्त्यांना प्रत्येक माणसाचे पक्के नाव हवे होते. ऑस्ट्रियाच्या सम्राट दुसऱ्या योसेफने १७८७ मध्ये ज्यूंना जर्मन आडनावे घेण्याचा हुकूम काढला. नेपोलियनच्या आश्रयाखालील वॉर्सा डची या पोलिश राज्यात १८०८ मध्ये त्याची नागरी संहिता लागू झाली आणि तिच्याबरोबर नागरी नोंदवही आली. तोपर्यंत एकाच माणसाला गावात एक नाव आणि चर्चच्या दप्तरात दुसरे, असे सहज चालत असे.

धागाकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. ‘सरदार घराणे’ ही टीप मी काढून टाकली आहे. ‘वोश’ एलखाली सापडले. क्रावचिक, वुइचिक आणि इवान्युक यांविषयीही कोणी सांगू शकेल काय? या तिन्हींचे शेवट सारखे वाटतात, म्हणून ती एकाच प्रदेशातील असावीत असा माझा तर्क आहे.

प्रतिसाद ३

शेवट वाटतात तितके सारखे नाहीत. क्राव्चिकमधील ‘चिक’ हा ‘लहान’ किंवा ‘त्याचा मुलगा’ या अर्थाचा प्रत्यय आहे, आणि क्राव्येत्स म्हणजे शिंपी. आपल्या पणजोबांच्या वहीत शिंप्याचा मुलगा गिऱ्हाईक म्हणून यावा, याची गंमत त्या दोघांनाही कळली नसणार. (शेव्चिक असेही एक आडनाव आहे, त्याचे मूळ ‘शेव्त्स’, म्हणजे चांभार.) वुइचिकची व्युत्पत्ती दोन प्रकारे लावतात. एक, वॉइचेख या नावाचे लाडके रूप. दुसरी, वुइत म्हणजे गावचा मुख्य, आपल्या पाटलासारखा, आणि त्याचा मुलगा वुइचिक. वुइत हा शब्द जर्मनमधून आला आणि जर्मनमध्ये तो लॅटिनमधून आलेला आहे.

इवान्युक हे मात्र निराळे प्रकरण आहे. ‘युक’ आणि ‘चुक’ हे प्रत्यय पूर्वेकडचे, म्हणजे युक्रेनी आणि बेलारूसी बोलींच्या प्रदेशातले. ‘इवान’ हे नावही तिकडचेच, पोलिश रूप ‘यान’ असे झाले असते. ‘विच’ने संपणाऱ्या आडनावांबाबतही असेच घडले. अस्सल जुना पोलिश प्रत्यय ‘ओवित्स’ होता, पण पूर्वेकडून आलेल्या ‘ओविच’ने त्याला हळूहळू हटवले. वळिवड्यात आलेली बहुतेक कुटुंबे सोव्हिएत राजवटीने १९४० आणि १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली असल्यामुळे आपल्या वहीत अशी आडनावे आणखीही असतील.

तथापि, आडनावावरून गाव ठरवण्याचा मोह टाळावा. फेब्रुवारी १९४० च्या पहिल्या हद्दपारीत ज्यांना उचलले त्यांत लष्करी वसाहतकऱ्यांची कुटुंबे मोठ्या संख्येने होती, आणि हे वसाहतकरी १९२० नंतर सरकारने जमीन दिली म्हणून पोलंडच्या इतर भागांतून पूर्वेकडे गेलेले होते. त्यामुळे आपल्या नोवाकोवाबाईंचे घर पूर्व सीमेवर असू शकते आणि आडनाव मात्र पश्चिमेकडचे. शिवाय कोवाल्स्की हे दुसऱ्या क्रमांकाचे आडनाव आहे. तीन कोवाल्स्का म्हणजे एकच कुटुंब, असे धरून चालू नये. वंशजांचा शोध ब्रिटनमधील नोंदींत घ्यायचा असल्यास ‘स्का’ऐवजी ‘स्की’ने शोधावे, कारण तेथे स्त्रियांची आडनावेही बऱ्याचदा पुरुषी रूपातच लिहिली गेली.

धागाकर्ता

आपण म्हणता ते पटले. तिन्ही कोवाल्स्का नोंदी आता वेगवेगळ्या ठेवल्या आहेत, आणि त्यांपैकी कोणत्या घरातली ‘कोवालस्की’ची हाफपँट होती ते मोकळे सोडले आहे. नोवाक यांच्याबाबत मात्र वहीनेच खुलासा केला. ‘नोवाकोवा’ या नोंदीत छाती ३८ इंच आणि कपड्याची उंची ४४ इंच आहे. तिच्या खालच्या ‘नोवाकुवना’त छाती २६ आणि उंची २६. दोन्ही नोंदी एकाच दिवसाच्या आहेत, आणि समासात पणजोबांनी लिहिले आहे: ‘कापड एकच, निळी फुले. उरलेल्यात छोटीचा बसवणे.’