घरच्या संगीतासाठी हलकी वाद्यं पुरतात की नाही?

काळी चार

गेली सहा वर्षं मी एकांकिकांना आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांना घरी बसून संगीत करून देतोय. लॅपटॉप आय-थ्री, ८ जीबी रॅम, आत जुनी फिरती हार्ड डिस्क. वाद्यं म्हणजे इथे लॅपटॉपवर चालणारे, कीबोर्ड जोडून वाजवायचे प्रोग्रॅम. सुरुवातीला कुठली लायब्ररी (रेकॉर्ड केलेल्या वाद्यांचा संच) घेऊ, असं नवीन मुलं सारखी विचारतात, म्हणून हा धागा. माझं मत स्पष्ट आहे: मोठी कुठलीच घेऊ नका. हलकी वाद्यं घ्या, जमेल तितकी फुकटची, आणि ती हाताने वाजवा.

हाताने वाजवण्यावरच सगळं अडतं. पट्टी दाबल्यावर आवाज किती उशिरा येणार, हे बरंचसं बफरवर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा तयार करतो त्यावर, ठरतं. ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण ३ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २३. इंटरफेस (आवाज आत-बाहेर नेणारा डबा) त्यात स्वतःची भर घालतो ती वेगळी. जड वाद्य लावलं की आवाज तडतडायला लागतो, बफर वाढवावा लागतो, आणि मग त्या उशिरावर केरवा वाजवून बघा. प्रत्येक मात्रेला हात चाचपडतो. शेवटी माणूस वाजवणंच सोडतो आणि माउसने एकेक स्वर मांडत बसतो. ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

माझ्याकडे रीपर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम आहे (६० दिवस वापरून बघा, नंतर घरगुती परवाना ६० डॉलर). त्यात सर्ज एक्सटी आणि डेक्स्ड हे सिंथ (गणिताने आवाज बनवणारी वाद्यं), दोन्ही फुकट. डेक्स्ड म्हणजे यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-सेव्हन या सिंथ-कीबोर्डची नक्कल. त्यात रेकॉर्ड केलेला आवाज नसतोच, सगळं गणित त्या क्षणी होतं, म्हणून डिस्कवर ओझं शून्य. गेल्या वर्षी एका एकांकिकेत मध्यरात्रीच्या प्रसंगाला त्यातली घंटा वापरली. तालमीला दिग्दर्शकाने विचारलं, हे देऊळ कुठलं?

मंद्रसप्तक

घंटेचं मान्य, ती डीएक्स-सेव्हनची हातखंडा गोष्ट. पण घंटेवरून सगळ्या वाद्यांचा निकाल लावू नका.

पियानोचं बघा. हळू वाजवलेला पियानो म्हणजे जोरात वाजवलेल्या पियानोचा आवाज कमी केलेला, असं नसतं. हातोडी जोरात बसली की नादाचा रंगच बदलतो. म्हणून एकेक स्वर वेगवेगळ्या जोराने अनेकदा रेकॉर्ड करावा लागतो. ८८ पट्ट्या, जोराच्या १६ पातळ्या, प्रत्येकी १० सेकंद धरा. २४ बिट स्टिरिओला सेकंदाला साधारण २६५ केबी लागतात. एकूण पावणेचार जीबीच्या आसपास जातं. हे वजन कुणी हौसेने वाढवलेलं नाही, ते वाद्याचंच आहे.

आणि तुम्ही हाताबद्दल बोलताय म्हणून सांगतो. तीन पातळ्यांच्या पियानोवर मी दोन वर्षं वाजवलं. हळू दाबून काही वेगळं ऐकूच येत नव्हतं, त्यामुळे बोटं आपोआप सगळं एकाच जोराने दाबायला लागली. पुढे खऱ्या पियानोसमोर बसलो तेव्हा ती सवय मोडायला सहा महिने लागले. उशिरा येणारा आवाज हात बिघडवतो हे खरं, पण मेलेला आवाजही बिघडवतो.

शिवाय हलकं कशाला म्हणायचं? व्हायटल हा सिंथ उतरवायला किती छोटा, तरीही जुन्या लॅपटॉपवर चार-पाच व्हायटल एकदम लावा आणि प्रोसेसरचा काटा बघा. डिस्कवरचं वजन आणि प्रोसेसरवरचं वजन ही दोन वेगळी वजनं आहेत. तुमच्या लेखात ती एकत्र झालीत.

हलगी

तुम्ही दोघं पियानो आणि घंटा यांवर बोलताय. मला लावणी करायची आहे. ढोलकी, तुणतुणं, हलगी. फुकटात नाही आणि विकतच्यातही मनासारखं नाही. डग्ग्याचंच घ्या. थाप मारल्यावर मनगट पुढे सरकवलं की आवाज चढतो. कीबोर्डवर ते पिच व्हीलने (सूर वर-खाली करणाऱ्या चाकाने) करावं लागतं, आणि डग्गा न् तबला एकाच चॅनलवर असतील तर तबल्याचा सूरही सोबत चढतो! दोन ट्रॅक वेगळे केले तेव्हा कुठे जमलं.

काळी चार

मंद्रसप्तक, दोन वजनांचं बरोबर आहे. मी ते सरमिसळ करून लिहिलं.

पियानोवर मात्र दोन गोष्टी. एक, सॅलॅमँडर ग्रँड ही पियानोची लायब्ररी फुकट आहे. यामाहा सी-फाइव्ह पियानोचा आवाज, तुम्ही म्हणता तशा १६ पातळ्या. प्रत्येक पट्टी रेकॉर्ड केलेली नाही, दर तिसरा स्वर घेतलाय आणि मधले ताणून भरलेत. प्लोग कंपनीच्या स्फोर्झांडो या फुकट, नमुने वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो चालतो. दोन, पियानोटेक. विकतचा आहे, पण तारा आणि हातोडीचं गणित करून आवाज काढतो, त्यामुळे जीबीत नाही, एमबीत मोजायचा.

आणि आपल्याकडे ज्या वाद्याची सगळ्यात जास्त गरज पडते, त्या पेटीचं तुमच्याच पद्धतीने मोजू. पेटीची पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज तोच. जोर भात्यात असतो. म्हणजे एकच पातळी पुरे. साडेतीन सप्तकांच्या ४२ पट्ट्या, प्रत्येकी १० सेकंद, झाले ११०-११५ एमबी. कीबोर्डची व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली ते मोजणं) बंद करायची आणि भाता म्हणून डाव्या हाताने मॉड व्हील, म्हणजे कीबोर्डवरचं दुसरं चाक, चालवायचं. मी भजनांना हेच करतो. वर्षानुवर्षं पेटी वाजवलेल्या एका काकांना तसं जोडून दिलं, तर त्यांचा डावा हात पहिल्याच ओळीला आपोआप भाता मारायला लागला. पेटीसाठी मोठी लायब्ररी घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

मंद्रसप्तक

पेटीवर हरलो, मनापासून. पण म्हणजे वजन वाद्यागणिक ठरतं, 'मोठी कुठलीच घेऊ नका' हे विधान मागे घ्या. व्हायोलिनचा ताफा तुम्ही सर्जमधून काढून दाखवा.

काळी चार

नाही घेत मागे. सुरुवात करणाऱ्यासाठी तेच सांगेन. ताफ्यासाठी स्पिटफायर कंपनीची बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर आहे, २०० एमबीच्या आसपास. नाटकात संवादाखाली वाजणाऱ्या ताफ्याला तेवढं पुरतं.

सारेगम९६

माझ्याकडे एकूण ५ हजार आहेत. लॅपटॉप ४ जीबीचा. काय करू?

मंद्रसप्तक

आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. लायब्ररी नंतर. मोठी वाद्यं नमुन्यांची (रेकॉर्ड केलेल्या स्वरांची) फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवतात आणि बाकीचं डिस्कवरून ओढतात, फिरत्या डिस्कवर तिथेच गळा आवळला जातो. आणि एक ट्रॅक वाजवून झाला की फ्रीझ करा, म्हणजे त्याचा साधा ऑडिओ होतो आणि रॅम मोकळी होते. तसं करत गेलात तर जड वाद्यंही एकेक करून चालवता येतील.

काळी चार

एसएसडीला माझंही मत. उरलेल्या पैशात सेकंडहँड छोटा कीबोर्ड बघा, वाद्यं सगळी फुकटची. फ्रीझ करून काम भागतं, पण गाणाऱ्याने ऐन वेळी पट्टी बदलली की सगळं परत उघडावं लागतं, हे लक्षात ठेवा.

हलगी

मी शेवटी स्वतःच रेकॉर्ड करायला घेतलंय. रीपरमधल्या रीसॅम्पलोमॅटिक या वाद्यात स्वतःचे नमुने टाकता येतात, कुठल्या जोराला कुठला ठोका हेही ठरवता येतं. गावातल्या वाजवणाऱ्याला बसवून, रीतसर पैसे देऊन, ४० ठोके घेतले. घरी येऊन लावले तर पहिले आणि शेवटचे जुळेनात. मग लक्षात आलं, हलगी शेकून वाजवतात, आणि मी सावकाश एकेक ठोका घेईपर्यंत चामडं गार होऊन आवाज उतरला होता. पुढच्या रविवारी परत जातोय. या वेळी शेगडी शेजारी ठेवून, दर दहा ठोक्यांनी शेकून. जमलं तर फाइल इथेच टाकतो, ज्याला हवी त्याने घ्या.