पोलर क्लोरोफॉर्म आधी का उकळतं?

बारावी_सायन्स: क्लासमध्ये सांगितलं की पोलर (एका टोकाला थोडा धन, दुसऱ्याला थोडा ऋण भार असलेल्या) रेणूंमध्ये आकर्षण जास्त म्हणून उत्कलनबिंदू जास्त, मग क्लोरोफॉर्म पोलर असून ६१ अंशाला उकळतं आणि कार्बन टेट्राक्लोराइड नॉनपोलर असून ७७ ला, हे उलटं कसं? दोन दिवस डोक्यात हेच चाललंय

रसायनवेडी: मस्त प्रश्न! तुझं काही चुकलेलं नाही, तो नियमच अर्धा आहे. टेट्राक्लोराइडचे चारही बाँड पोलर आहेत पण आकार चतुष्फलकी, त्यामुळे सगळी ओढाताण एकमेकांत रद्द होऊन डायपोल (रेणूचा एकूण धन-ऋण कल) शून्य. पण लंडन फोर्स (इलेक्ट्रॉन हलल्याने क्षणभर तयार होणारं रेणूंमधलं आकर्षण) तर प्रत्येक रेणूत असतातच ना, इलेक्ट्रॉन जास्त आणि सैल तितके ते जोरदार, टेट्राक्लोराइडमध्ये ७४ आहेत आणि क्लोरोफॉर्ममध्ये ५८, तो फरक डायपोलला भारी पडतो

बारावी_सायन्स: मग पोलॅरिटी बघायचीच नाही का?

जुना_लॅबवाला: बघायची रे, पण इलेक्ट्रॉन साधारण सारखे असतील तेव्हा. एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड) जास्त पोलर तरी उणे ८५ ला उकळतं, एचआय (हायड्रोजन आयोडाइड) कमी पोलर तरी उणे ३५ ला, कारण त्यात इलेक्ट्रॉन जास्त. पाण्यात हायड्रोजन बाँड (एका रेणूचा हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूचा ऑक्सिजन यांच्यातली जोरदार ओढ) आहेत म्हणून फक्त १० इलेक्ट्रॉन असून १०० अंश, ते वेगळंच प्रकरण