पुढच्या दिवाळीतील दक्षिण आफ्रिका सहल: मार्ग, मुक्काम आणि कागदपत्रे

ए-१०३
सर्वांना नमस्कार. कोजागरीला गच्चीवर निघालेला दक्षिण आफ्रिकेचा विषय मसाला दुधाबरोबरच संपू नये, म्हणून मी पुण्यातील एका सहल कंपनीकडून पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीसाठी आराखडा मागवला आणि तो वर पाठवला आहे. जोहान्सबर्ग, सन सिटी हे करमणुकीचे संकुल, क्रूगर राष्ट्रीय उद्यानात एक रात्र, डर्बन, केप टाऊन आणि शेवटी व्हिक्टोरिया धबधबा असे सर्व त्यात बसवलेले आहे. शहर, समुद्र आणि जंगल या आपल्या तिन्ही अपेक्षा त्यात पूर्ण होतात असे मला वाटते. बी-४०१ मधील मावशी आणि काका तिथे जाऊन आलेले असल्यामुळे त्यांनी आपले मत सविस्तर लिहावे, ही विनंती.

बी-४०१
आराखडा आम्ही दोघांनी शांतपणे वाचला. आमचे स्पष्ट मत असे आहे की त्यातून व्हिक्टोरिया धबधबा, सन सिटी आणि डर्बन ही तिन्ही ठिकाणे काढावीत आणि वाचलेले दिवस क्रूगरला आणि किनाऱ्याला द्यावेत.

धबधब्याचे कारण आधी सांगते. तो दक्षिण आफ्रिकेत नसून झिंबाब्वे आणि झांबिया यांच्या सीमेवर आहे, म्हणजे व्हिसा वेगळा आणि विमानप्रवासही वेगळा. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबेझी नदीला वर्षातील सर्वांत कमी पाणी असते आणि झांबियाच्या बाजूला तर बराचसा कोरडा कडाच दिसतो. भर पावसात ठोसेघर पाहिलेल्या माणसांनी एवढा खर्च करून त्या दिवसांत तिथे जाऊ नये. सन सिटीबद्दल अधिक काही लिहीत नाही, कारण तसली करमणूक मुंबईच्या आसपासही मिळते.

डर्बन गाळताना मात्र मला वाईट वाटते. १८९३ मध्ये गांधीजी त्याच बंदरात उतरले, फिनिक्सची वसाहत त्यांनी १९०४ मध्ये त्याच शहराजवळ उभी केली, आणि तिथे समुद्राचे पाणी कोमट असल्याने पोहण्यासाठी खरा किनारा तोच आहे. परंतु डर्बन आणि त्याच्या उत्तरेचे ह्लुह्लुवे-इम्फोलोझी अभयारण्य, जिथे पांढरा गेंडा नामशेष होता होता वाचला, ही एक स्वतंत्र सहल आहे. केप टाऊनसारख्या दुसऱ्या टोकाच्या शहराशी तिची मोट बांधली, तर दोन्हीकडे केवळ विमानतळ पाहून परत यावे लागेल.

आता क्रूगर. हे उद्यान साधारण १९,५०० चौरस किलोमीटर पसरलेले आहे, म्हणजे आपल्या सबंध सातारा जिल्ह्याच्या जवळपास दुप्पट. आत डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटरची वेगमर्यादा असते, आणि सूर्यास्ताच्या सुमारास मुक्कामाच्या तळांची फाटके बंद होतात. एका रात्रीत आपल्या हाती येईल ती एक संध्याकाळ आणि एक सकाळ, आणि त्यातली संध्याकाळही फाटक गाठण्याच्या घाईत जाईल. जंगलात काय दिसेल हे आपण किती वेळ एका जागी थांबू शकतो यावर फार अवलंबून असते. लोअर साबीच्या तळाजवळ सनसेट डॅम नावाचा पाणवठा आहे, तिथे आम्ही सकाळी गाडी बंद करून बसलो होतो. बराच वेळ पाणघोड्यांचे कान आणि नाकपुड्या यांखेरीज काहीही दिसेना, आणि मागून आलेल्या गाड्या क्षणभर थांबून निघूनही गेल्या. त्यानंतर पलीकडच्या काठाने हत्तींचा कळप उतरला. त्यातल्या एका पिल्लाला सोंडेने पाणी ओढता येत नव्हते, म्हणून ते पुढचे पाय वाकवून थेट तोंडानेच पाणी प्यायले, आणि त्याची आई ते सावकाश पिऊन होईपर्यंत त्याच्या अंगाला अंग लावून उभी राहिली. घड्याळ पाहत फिरणाऱ्या गाडीतून हे दिसले नसते, म्हणून क्रूगरमध्ये किमान चार रात्री असाव्यात, असा माझा आग्रह आहे.

त्यातल्या दोन रात्री लोअर साबी किंवा स्कुकुझा येथे आणि दोन रात्री सातारा येथे काढाव्यात. होय, क्रूगरच्या मध्यभागी सातारा याच नावाचा तळ आहे! नावाचे अप्रूप आपल्याला वाटणारच, पण तिथे राहायचे ते आसपासच्या गवताळ माळरानासाठी, कारण तिथे झेब्रे आणि आफ्रिकी रानम्हशी यांचे मोठे कळप चरतात आणि त्यांच्यामागे सिंह येतात.

सी-२०२
मावशी, आपण इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. माझी शंका हवामानाची आहे. मुलांना मे महिन्यातही मोठी सुट्टी असते, मग दिवाळीच का? दुसरी शंका हिवतापाची आहे. आमची धाकटी त्या वेळी चार वर्षांची असेल.

बी-४०१
दोन्ही प्रश्न योग्य आहेत, ताई. अडचण अशी आहे की या देशाच्या दोन टोकांना पावसाचे ऋतू उलटे आहेत. केप टाऊनला जून ते ऑगस्ट या त्यांच्या हिवाळ्यात पाऊस पडतो, तर क्रूगरला नोव्हेंबरपासून उन्हाळ्यात. मे महिन्यात क्रूगर उत्तम असते, परंतु केप टाऊनला ढग, वारा आणि लवकर मावळणारा दिवस मिळतो. दोन्हीकडे सर्वांत चांगला काळ म्हणजे सप्टेंबर, कारण तेव्हा क्रूगरमध्ये गवत सुकलेले असते, प्राणी पाणवठ्यावर येतात, आणि आपल्या कासच्या पठारावर फुले असतात त्याच दिवसांत केपच्या पश्चिम किनाऱ्यावरची माळरानेही फुललेली असतात.

शाळा असलेल्या घरांना सप्टेंबर जमणार नाही, त्यामुळे उरते ती दिवाळी. नोव्हेंबरच्या आरंभी क्रूगरमध्ये उकाडा असेल, आणि पाऊस वेळेवर आला तर गवत वाढून प्राणी शोधणे थोडे कठीण जाईल, हे आधीच मान्य करून जावे. त्याच्या बदल्यात पहिल्या पावसाच्या सुमारास इंपाला हरणांची पाडसे जन्माला येतात, आणि मुलांना त्याहून वेगळे काही दाखवावे लागत नाही. केपचा किनारा मात्र त्या दिवसांत स्वच्छ आणि उजेडाचा असतो.

हिवतापाचा धोका क्रूगरमध्ये आहे आणि तो पावसाळ्यात वाढतो. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्यांचा निर्णय घ्यावा. इतक्या लहान मुलीच्या बाबतीत तर त्यांचे मत आल्याशिवाय पैसे भरू नका. दुसरे असे की उघड्या गाडीतून होणाऱ्या सफारींना बहुतेक ठिकाणी सहा वर्षांखालील मुलांना घेत नाहीत. तुमच्यासाठी ॲडो हे हत्तींचे उद्यान मला अधिक योग्य वाटते. ते केप टाऊनपासूनच्या किनाऱ्याच्या मार्गाच्या पूर्व टोकाला गेबेर्हा, म्हणजे पूर्वीचे पोर्ट एलिझाबेथ, या शहराजवळ आहे आणि तिथे हिवताप नाही. १९३१ मध्ये त्या भागात अवघे अकरा हत्ती उरले होते, म्हणून ते उद्यान स्थापन झाले. आज तिथे सहाशेहून अधिक हत्ती आहेत. झुडपे दाट असल्याने सिंह सहजी दिसत नाहीत, परंतु हत्ती इतक्या जवळून क्वचितच कुठे दिसतील.

ए-३०४
मावशी, आमच्या घरी मुले शाळेत नाहीत, त्यामुळे गणपती विसर्जनानंतर घटस्थापनेपर्यंत जावे असे माझ्या मनात आले होते. परंतु पितृपंधरवड्यात वडिलांची तिथी असते आणि ती टाळून मी कुठेही जाणार नाही, तेव्हा आम्हीही दिवाळीलाच सर्वांबरोबर येऊ. माझी काळजी आईच्या जेवणाची आणि चालण्याची आहे. ती पूर्ण शाकाहारी असून तिचे गुडघे दुखतात.

बी-४०१
दादा, आईंना अवश्य आणा. क्रूगरमधील तळांवर स्वयंपाकाची सोय असलेली बैठी घरे मिळतात, आणि तिथली भारतीय वस्ती जुनी असल्याने शहरांतील दुकानांत डाळ, तांदूळ, मसाले सहज मिळतात. ते जंगलात शिरण्यापूर्वीच भरून घ्यावेत. एवढेच सांभाळायचे की अनेक घरांचा फ्रिज बाहेर ओसरीवर असतो आणि तिथली माकडे तो उघडण्यात पटाईत आहेत, म्हणून कडी लावल्याशिवाय आत जाऊ नये. जंगल पाहायचे ते गाडीतूनच, नेमून दिलेल्या जागांखेरीज खाली उतरण्यास सक्त मनाई आहे, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न तिथे येत नाही. केप टाऊनच्या टेबल माउंटन या डोंगरावर तारेवरची गाडी जाते. ती १९२९ पासून चालू आहे, आणि आताच्या गाडीची जमीन वर जाताना स्वतःभोवती फिरत असल्याने एका जागी उभे राहूनच सगळे शहर दिसते. वारा वाढला की ती बंद ठेवतात, म्हणून केप टाऊनमध्ये जो दिवस पहिला निरभ्र मिळेल, त्या दिवशी बाकी सर्व बाजूला ठेवून वर जावे.

मार्ग मी असा सुचवते. मुंबईहून दुबई किंवा दोहा येथे विमान बदलून केप टाऊन, तिथे चार रात्री. मंडेलांनी सत्तावीस वर्षांच्या कारावासातील अठरा वर्षे जिथे काढली त्या रॉबेन बेटाची तिकिटे आधीच घ्यावी लागतात. त्या तुरुंगात पूर्वीच्या राजकीय कैद्यांकडूनच माहिती ऐकायला मिळते, आणि आपल्या शाळकरी मुलांनी ती ऐकावी असे मला फार वाटते. सायमन्स टाऊनच्या बोल्डर्स किनाऱ्यावर पेंग्विन आहेत. तिथे ते १९८२ पासून वस्ती करून आहेत, परंतु ही आफ्रिकी जात २०२४ पासून अतिसंकटग्रस्त मानली जाते, म्हणून मुलांनी फळ्यांच्या वाटेवरूनच पाहावे, हात पुढे करू नये. समुद्र सुंदर असला तरी पाणी अंग गोठवणारे असते.

तिथून गाडीने हर्मानस येथे एक रात्र, कारण नोव्हेंबरपर्यंत तिथे किनाऱ्यावर उभे राहून देवमासे दिसू शकतात. पुढे मोसेल बे मार्गे नाइस्ना येथे तीन रात्री. मोसेल बे येथे १४८८ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ डायस उतरला होता, पण तिथे तासाभराच्या विश्रांतीहून अधिक थांबू नये. तो वेळ त्सित्सिकामाच्या जंगलाला द्यावा, जिथे झाडी थेट खडकाळ समुद्रापर्यंत येते. मग जॉर्ज या गावाहून विमानाने जोहान्सबर्ग, आणि तिथून रस्त्याने सुमारे पाच तासांत क्रूगर. परतताना जोहान्सबर्गला एक रात्र पुरे. शहरांत अंधार पडल्यावर पायी फिरू नये, हा नियम सर्वांनी पाळावा.

ए-१०३
मावशी, आपले म्हणणे मला पटले. सहल कंपनीला मी याच मार्गाचे नवे दर मागतो. सी-२०२ च्या कुटुंबाने नाइस्नापर्यंत आपल्याबरोबर राहून पुढे ॲडोला जावे आणि जोहान्सबर्गला पुन्हा आपल्यात यावे, असेही विचारून ठेवतो. घाई करण्याचे काही कारण आहे का?

बी-४०१
आहे. क्रूगरमधील तळांचे आरक्षण जवळपास वर्षभर आधी सुरू होते आणि सुट्टीच्या दिवसांतील घरे लवकर संपतात. तेव्हा प्रत्येकाने येत्या रविवारी संध्याकाळपर्यंत पारपत्राची प्रत ए-१०३ मध्ये द्यावी आणि त्यात किमान दोन पाने पूर्ण कोरी आहेत ना, हे स्वतः पाहावे. मुलांसाठी आई आणि वडील या दोघांचीही नावे असलेला जन्मदाखला लागेल. ज्यांच्याकडे केवळ मराठीत आहे त्यांनी नगरपालिकेतून इंग्रजीसह असलेला आताच काढून घ्यावा. एकच पालक बरोबर येत असेल, तर दुसऱ्याचे संमतिपत्रही तयार ठेवावे. स्वस्त मिळते म्हणून कोणी अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट काढणार असेल आणि तिथला थांबा बारा तासांहून अधिक असेल, तर पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचा दाखला दाखवावा लागतो आणि तो लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरला जातो. ज्येष्ठांनी ती लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यापेक्षा दुबई किंवा दोहाच बरे. फोन चार्ज करण्यासाठी आपल्याकडे गिझरला असते तशी जाड तीन पिनांची जोडणी तिथे चालते, ती प्रत्येक घरातून एक घ्यावी.

सी-२०२, ताई, डॉक्टरांचे मत कळले की मला रात्री उशिरा कळवलेत तरी चालेल. त्यानंतरच क्रूगरला किती घरे धरायची ते ठरवू.