चाकणच्या कंपनीनं तीन रेफरन्स मागितलेत, कुणाची नावं द्यायची?

शिरोली_क्यूए
कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत क्वालिटीला आहे, 4 वर्षं झाली. त्याआधी 2 वर्षं उद्यमनगरातल्या मशीनशॉपला होतो, ते आता बंद पडलंय. चाकणला दोन राउंड झाले आणि एचआरनं फॉर्म पाठवला: तीन रेफरन्स, त्यातला एक सध्याच्या कंपनीतला. इथं अजून कुणाला सांगितलेलं नाही, साहेबांना फोन गेला तर पंचाईत. हुद्दा मोठा म्हणून मालकांचंच नाव द्यावं का? आणि ज्यांचं नाव देऊ त्यांना काय सांगून ठेवायचं?

गोकुळशिरगाव_एचआर
मालकांचं नाव नको. फोन करणारा ठरलेले प्रश्न विचारतो: कधीपासून कधीपर्यंत होता, हुद्दा काय, रिपोर्टिंग कुणाला, हजेरी कशी, सोडायचं कारण काय आणि शेवटी, परत घ्याल का? महिन्यातून दोनदा शॉपवर फेरी मारणारे मालक यावर "पोरगं चांगलं आहे" एवढंच म्हणतात. तिकडे रिपोर्टमध्ये "माहिती अपुरी" पडतं. त्यापेक्षा तुमचे 8डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय लिहिलेले) वाचून सही करणारा सीनिअर इंजिनिअर शंभर पटीनं बरा.

तिघंही क्वालिटीचेच नकोत. एक थेट वरिष्ठ, एक दुसऱ्या खात्यातला, म्हणजे मशीनशॉप किंवा मेल्टिंगचा इनचार्ज. तुम्ही लॉट अडवला की ज्याचं काम खोळंबायचं, तो तुमच्याबद्दल बरं बोलला तर त्याला वजन असतं. तिसरा आधीच्या नोकरीतला. नात्यातला माणूस अजिबात नको, आडनाव वेगळं असलं तरी.

सध्याच्या कंपनीसाठी मधला मार्ग आहे. तुमच्या हाताखाली नव्हे, तुमच्या वर होते आणि गेल्या वर्ष-दोन वर्षांत तिथून बाहेर पडले असे साहेब शोधा. फॉर्ममध्ये त्यांचा तेव्हाचा हुद्दा आणि आताची कंपनी, दोन्ही लिहा. शेजारी स्पष्ट टाका: "सध्याच्या कंपनीची पडताळणी राजीनाम्यानंतर करावी." हे बहुतेक एचआर मान्य करतात. मात्र ऑफर लेटर हातात पडल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

कस्टमरकडच्या क्वालिटीवाल्याचं नाव द्यायचा मोह होईल. जपून. शिरोलीतली बातमी गोकुळ शिरगावला चहा निवायच्या आत पोचते.

कागल_पंचतारांकित
वरच्याशी सहमत, पण खरा घोळ फोनवर होतो. पडताळणीचा फोन अनोळखी नंबरवरून येतो, ट्रूकॉलर लाल दाखवतं, साहेब कट करतात. दोन-तीनदा असं झालं की "संपर्क झाला नाही" अशी नोंद होते. म्हणून आधी फोन करून परवानगी घ्या, मगच नाव भरा, आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर एवढं टाका:

"सर, चाकणच्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी तुमचं नाव दिलंय. या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन किंवा मेल येईल. माझा काळ: जून 2021 ते आजपर्यंत. हुद्दा: क्वालिटी इन्स्पेक्टर. तुमच्या हाताखालची कामं: फायनल इन्स्पेक्शन, ब्लोहोलच्या रिजेक्शनचं विश्लेषण, आयएटीएफ 16949 ऑडिटची कागदपत्रं. सोडायचं कारण: मशीनिंग आणि असेंब्लीचा अनुभव हवा."

बस, याहून लांब नको. उत्तरं पाठ करून घेऊ नका, दोघांच्या तोंडी एकच वाक्य आलं की समोरच्याला वास येतो. तारखा आणि सोडायचं कारण मात्र सगळीकडे एकच हवं. तुम्ही मुलाखतीत "शिकायला" म्हणालात आणि साहेब "पगारासाठी" म्हणाले, तर प्रश्न निघतो.

फोन कधी करावा तेही फॉर्ममध्ये लिहा. शॉपवर मोल्डिंग लाइनच्या आवाजात फोन ऐकूच येत नाही. दुपारची जेवणाची सुट्टी किंवा संध्याकाळी 6 नंतर बरं. साप्ताहिक सुट्टी रविवारची नसेल तर तो वारही कळवा. ईमेल कंपनीच्या नावाचा असेल तर तोच द्या, जीमेलवरून आलेलं उत्तर पडताळणी करणाऱ्या काही एजन्सी धरतच नाहीत.

पीएफ_पासबुक
एक मुद्दा राहिला, आणि सगळ्यात जास्त उमेदवार इथंच अडकतात. तुम्ही कंपनीच्या रोलवर आहात की कॉन्ट्रॅक्टरच्या? बायोडाटात फाउंड्रीचं नाव, पीएफ कॉन्ट्रॅक्टरकडून. मग एजन्सी फाउंड्रीच्या एचआरला विचारते, ते म्हणतात "असा कर्मचारी आमच्याकडे नाही", आणि तुमचा रेफरन्स कितीही गोड बोलला तरी फाइल लाल. आधीच लिहा: अमुक फाउंड्री, तमुक कॉन्ट्रॅक्टरमार्फत.

आजच पीएफच्या वेबसाइटवर यूएएननं (तुमच्या पीएफ नंबरानं) लॉगिन करून सर्व्हिस हिस्टरी बघा. जुन्या कंपनीनं सोडल्याची तारीख भरलेली नसेल तर एकाच वेळी दोन नोकऱ्या दिसतात. शेवटची वर्गणी जमा होऊन 2 महिने झाले असतील तर "मॅनेज"मधल्या "मार्क एक्झिट"मधून तारीख स्वतः भरता येते. आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा, ओटीपी त्यावरच येतो.

शिरोली_क्यूए
कंपनीच्याच रोलवर आहे. मशीनशॉपला मात्र पीएफ नव्हता, 9 जण होतो. मालक पत्र द्यायला तयार आहेत, म्हणतात हवी ती तारीख टाकतो.

गोकुळशिरगाव_एचआर
20 पेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ सक्तीचा नव्हता, त्यामुळं तो नाही म्हणून कुणी अडवणार नाही. पगार बँकेत येत असेल तर त्या 2 वर्षांचं स्टेटमेंट काढून ठेवा. मालकांचं नाव तिसरा रेफरन्स म्हणून चालेल. नऊ जणांच्या शॉपमध्ये मालकच तुमचे साहेब, तिथं माझा वरचा नियम लागू नाही.

पत्रावर मात्र आजचीच तारीख टाका. मजकुरात काळ, हुद्दा आणि "व्यवसाय सध्या बंद आहे" हे वाक्य, खाली सही आणि मोबाइल. मागच्या तारखेचं पत्र पकडलं जातं. 2016ची तारीख आणि लेटरहेडवर जीएसटी नंबर, अशी पत्रं येतात. जीएसटी लागू झाला 1 जुलै 2017ला.