ऑपरेशननंतरची पहिली रात्र: सांगली-मिरजकरांनो, अनुभव लिहा

१८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं. आजही अथणी-विजापूरपासून माणसं ऑपरेशनला इकडंच येतात. ऑपरेशन कसं झालं हे सगळे सांगतात. त्या रात्री पेशंटपाशी कोण होतं आणि ते काय बघत होतं, ते कुणी सांगत नाही. ते लिहा. दवाखान्यांची नावं नकोत.

निवृत्त इन्चार्ज सिस्टर, मिरज
पेशंट वॉर्डात आला की पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण). मग अर्ध्या तासानं, मग तासानं. पण बीपीचा पट्टा बांधायच्या आधी मी पेशंटचा तळहात हातात घ्यायची. आत रक्त जात असेल तर हात गार, घामट लागतो, नाडी पळायला लागते, माणूस अस्वस्थ होतो. बीपी मात्र बराच वेळ तग धरतं आणि मग एकदम कोसळतं.

एका बाईंची गर्भपिशवी काढलेली. ड्रेन, म्हणजे आतलं रक्त-पाणी बाहेर काढायला पोटात ठेवलेली नळी, जवळजवळ कोरडा, त्यामुळं नातेवाईक निर्धास्त. पण नाडी ८८ वरून ११०, मग १२४. युरोबॅगमध्ये, म्हणजे लघवीच्या पिशवीत, तासाला ३० मिलीसुद्धा लघवी जमेना. ड्रेन कोरडा म्हणून रक्तस्राव नाही असं धरायचं नसतं, गुठळी अडकली तरी नळी बंद होते. सर्जनना फोन लावला. "बीपी किती?" "एकशे दहा-सत्तर. पण सर, नाडी चढतीय, तुम्ही या." ते आले आणि बाईंना परत ऑपरेशन थिएटरात घेतलं.

ब्रदर, सर्जिकल वॉर्ड, सांगली
शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, असं विचारलं की आपली माणसं बिचकतात. पुरुष तर "काय न्हाई, बरं हाय" म्हणून मोकळे. मी खोकायला सांगतो. खोकताना ज्याचा चेहरा पिळवटतो, त्याचं दुखणं खरं कळतं. न खोकता पडून राहिलं की कफ साठतो.

दुसरं, घोरणं. जोरदार वेदनाशामक इंजेक्शननंतर पेशंट घोरायला लागला की घरचे म्हणतात, "छान झोप लागली." मी पूर्ण मिनिटभर श्वास मोजतो. आठवर आले तर हलवून जागं करायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन ९८ दिसत राहतं, श्वास मंदावलाय हे ते सांगत नाही.

सून, तासगाव
सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन. मध्यरात्री उठून बसल्या, "म्हस सुटलीया, दावं आणा," म्हणत लघवीची नळी ओढायला लागल्या. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, हात बांधा. सिस्टरनी बांधू दिले नाहीत. आधी सॅच्युरेशन आणि साखर बघितली, मग दिवा लावला, चष्मा चढवला, कानातलं मशीन घातलं. "आत्या, मिरजेत आहात, पायाचं ऑपरेशन झालंय," असं मी सारखं सांगत बसले. वयस्कर माणसांना असं होतं, बहुतेकदा ओसरतं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी एवढी रडले नसते. आणि एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड, हे बघवत नव्हतं.

हर्नियाचा पेशंट, विटा
पाहुण्यांचा एकच प्रश्न, गॅस गेला का? माझी तळमळ वेगळीच होती. पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलेलं, जखमेचं दुखणं फारसं नाही, तरी पडवेना. सिस्टरनी ओटीपोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लघवी तुंबलीय." उभं केलं, नळ सोडून ठेवला, पण काही उपयोग नाही. शेवटी नळी घातली. पिशवी भरलेली बघून मीच चकित.

प्रश्न, आष्टा
वडिलांना उद्या घरी आणतोय. काय बघू?

निवृत्त इन्चार्ज सिस्टर, मिरज
ताप, जखमेभोवती वाढती लाली, पू. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत न्या. दिवसातून चार-पाच वेळा धरून चालवा. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली तर तेल लावून चोळत बसू नका. आत गुठळी असेल तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दाखवा.